बसणारे आणि ओढणारे

एकेकाळी चीनमध्ये परदेशी माणसाला पालखीत बसायला बंदी होती.

गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची, कँटनची, म्हणजे आजच्या ग्वांगझौची. पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना साऱ्या चीनमध्ये तेवढं एकच बंदर उघडं होतं. नदीकाठाला त्यांच्या तेरा वखारींची रांग होती आणि त्या रांगेला नियमांचं कुंपण होतं. बायका आणायच्या नाहीत. शहराच्या तटाच्या आत जायचं नाही. मौजेखातर नदीत होडी वल्हवायची नाही. नदीपलीकडच्या फुलबागेत फिरायला जायचं ते महिन्यातल्या आठ, अठरा आणि अठ्ठावीस या तीनच दिवशी, तेही दहापेक्षा जास्त जणांनी मिळून नाही. आणि पालखीत बसायचं नाही. चालायचं.

विल्यम हंटर हा अमेरिकन मुलगा १८२५ साली तिथे उतरला, तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा होता. चिनी भाषा शिकला, कारकुनी केली, व्यापारी झाला. पुढे १८८२ मध्ये, म्हातारपणी, त्याने कँटनच्या आठवणींचं पुस्तक छापलं. पुस्तकाच्या नावातच 'फान क्वाई' हा शब्द आहे. फान क्वाई म्हणजे परदेशी भूत. रस्त्यावरची पोरं गोऱ्यांना याच नावाने ओळखत. हंटर त्यावर फारशी कुरकुर करत नाही. नियम होते, ते वाकवताही येत होते, आणि जीव नि माल तिथे सुरक्षित होता, अशी त्याची साक्ष आहे. या व्यापारात आपल्या मुंबईचे पारशीही होते. सर जमशेटजी जिजीभाई यांनी तरुणपणी चीनच्या ज्या फेऱ्या केल्या, त्या याच बंदराला. कापूस जात होता, अफू जात होती.

पालखीची बंदी आज आपल्याला गमतीची वाटते. पण पेशवाईची थोडी तरी कागदपत्रं वाचलेल्या माणसाला ती लगेच उमगेल. आपल्याकडेही पालखीचा 'मान' दिला जायचा. पैसा आहे म्हणून कुणीही उठून पालखीत बसू शकत नसे. चीनमध्येही भोई चार की आठ, हे अधिकाऱ्याच्या दर्जावरून ठरायचं. माणसाच्या खांद्यावर बसून जाणं ही सत्तेची खूण होती आणि व्यापारी, त्यातून परदेशी व्यापारी, हा काही सत्ताधारी नव्हता. १८३० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कँटनमधल्या इंग्रजांनी पालख्या वापरायला सुरुवात केली, तेव्हा चिनी अधिकाऱ्यांनी त्यावर सरळ हरकत घेतली.

मग अफूचं युद्ध झालं. बी.ए.ला आम्हाला त्याची कारणं आणि परिणाम होते, मी ते पाठ करून लिहिलेही होते. १८४२ च्या तहाने हाँगकाँग गेलं आणि पाच बंदरं उघडली, हे आमच्या पुस्तकात होतं. पुस्तकात नसलेला एक परिणाम असा की परदेशी माणूस बसला. एकदा बसला, तो पुढे शंभर वर्षं उठला नाही.

मला आज या बसण्याविषयी बोलायचं आहे. चीनच्या शहरांविषयी परदेशी रहिवाशांनी अमाप आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांत रस्ते आहेत, वास आहेत, फेरीवाल्यांच्या आरोळ्या आहेत, वाहनं तर हमखास आहेत. पण वाचताना माझं लक्ष एका गोष्टीकडे जातं. लिहिणारा बसलेला असतो. त्याला समोर दिसते ती ओढणाऱ्याची पाठ.

शांघायचं पहिलं लोकप्रिय वाहन होतं एकचाकी ढकलगाडी. मधोमध एक मोठं लाकडी चाक, त्याच्या दोन्ही बाजूंना फळ्या, त्यांवर माणसं किंवा माल, आणि मागून ढकलणारा एक माणूस. गिरणीतल्या बाया या गाड्यांवर दाटीवाटीने बसून कामाला जात. एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला तोल सांभाळायला डुक्कर, अशीही स्वारी निघे. चाकाची करकर एवढी की गाडी दिसण्याआधी ऐकू यायची. १८९७ मध्ये परदेशी वसाहतीच्या नगरपालिकेने या गाड्यांवरचा मासिक कर वाढवला तेव्हा गाडीवाल्यांनी दंगा केला. शांघायच्या रस्त्यांवर घाम गाळणाऱ्यांचा तो अगदी सुरुवातीचा उठाव.

रिक्षा आली १८७४ मध्ये, जपानहून, एका फ्रेंच माणसाच्या खटपटीने. जपानी लोक तिला 'जिनरिकिशा' म्हणत. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. बोलण्याच्या घाईत पहिला 'जिन' गळून पडला आणि उरली ती रिक्षा जगभर गेली, आपल्याकडेही आली. कवी असल्यामुळे असेल, मला हे गळणं खुपतं. शब्दातून माणूस आधी गेला. गाडीला तो पुढे कितीतरी वर्षं जुंपलेलाच राहिला.

शांघायमध्ये पुढे भाड्याच्या रिक्षांना पिवळा रंग सक्तीचा झाला, म्हणून तिथे तिला 'पिवळी गाडी' म्हणू लागले. बीजिंगमध्ये तिचं नाव 'यांगछे', म्हणजे विलायती गाडी. ओढणारा चिनी, गाडी विलायती. ओढणाऱ्याच्या मालकीची ती बहुधा नसेच. परवाना एकाच्या नावावर, गाडी दुसऱ्याची, ती भाड्याने घेऊन पाळीवर देणारा तिसरा, आणि या सगळ्यांचं देणं भागवून उरेल त्यात जेवणारा चौथा. मुंबईत दुसऱ्याच्या परमिटवर पाळीने रिक्षा-टॅक्सी चालवणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

रस्त्याच्या चौकात उभा असायचा शीख पोलीस. परदेशी वसाहतीच्या पोलीस खात्याने १८८४-८५ पासून पंजाबातून शीख भरती केले. उंच, दाढीवाला, लाल पगडीचा हा शिपाई शांघायच्या जुन्या छायाचित्रांत हटकून दिसतो. वाहतूक सांभाळणं हे त्याचं काम आणि रिक्षावाल्याच्या पाठीत दंडुका घालणं हाही त्या कामाचाच भाग समजला जाई. चिनी लोकांनी त्याला टोपणनाव ठेवलं होतं, त्यात 'लाल डोकं' आहे आणि तिरस्कारही आहे. हा आपला माणूस. घरापासून हजारो मैल दूर, तोही पोटासाठीच आलेला. साहेब रिक्षात बसलेला, चिनी माणूस ती ओढणारा आणि हिंदुस्थानी माणूस ओढणाऱ्याला मारणारा, अशी ती त्रिकोणी व्यवस्था होती. ३० मे १९२५ ला नानजिंग रस्त्यावर निदर्शकांवर गोळीबार झाला, तेव्हा इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकमावरून बंदुका झाडणाऱ्यांत शीख शिपाई होते आणि चिनी शिपाईही होते. शांघायचे साहेब, त्यांच्या मडमा, त्यांची मुलं, सगळ्यांनी आठवणी लिहिल्या. त्या चौकातल्या शिपायाची बाजू मात्र आपल्याला त्याच्या तोंडून क्वचितच ऐकायला मिळते.

मोटार आली तेव्हाही ओढणारा सुटला नाही. १० जून १९०७ रोजी पेकिंग ते पॅरिस अशी मोटारशर्यत निघाली. पाच गाड्या होत्या. इटलीच्या प्रिन्स बोर्गेझे यांच्या गाडीत लुइजी बार्झिनी हा पत्रकार बसला होता, त्याचं या प्रवासावरचं पुस्तक जगभर गाजलं. यंत्रयुगाचा विजय म्हणून ही शर्यत सांगितली जाते. पण पेकिंगच्या उत्तरेला डोंगर लागले आणि गाड्या अडल्या. मग त्यांना दोर बांधून चिनी मजुरांनी आणि खेचरांनी घाटातून वर ओढून नेलं. प्रिन्सची गाडी दोन महिन्यांनी, १० ऑगस्टला, पॅरिसला पहिली पोहोचली. बार्झिनीने मजुरांचं वर्णन केलं आहे, ते प्रामाणिकही आहे. शर्यतीच्या निकालात मात्र त्या पथकाला जागा नाही.

आता मी बीजिंगला येतो, कारण तिथे एक वेगळी गोष्ट घडली. तिथे कवीच रिक्षात बसला.

जानेवारी १९१८ मध्ये 'नवतारुण्य' या अर्थाचं नाव असलेल्या चिनी मासिकात बोलभाषेतल्या नऊ कविता छापून आल्या. तोवर कविता म्हणजे जुन्या ग्रंथभाषेत, जुन्या छंदात. आधुनिक चिनी कवितेचा आरंभ पुष्कळ लोक या नऊ कवितांपासून धरतात. त्यांत दोन कवितांचं शीर्षक एकच होतं, 'रिक्षावाला'. एक हू शी यांची, दुसरी शेन यिनमो यांची. नव्या भाषेने तोंड उघडलं आणि पहिल्याच दमात दोघा कवींना रिक्षावाला दिसला, हे मला फार बोलकं वाटतं. हू शी आदल्याच वर्षी अमेरिकेतून शिकून परतले होते. त्यांच्या कवितेतला प्रवासी बघतो की रिक्षावाला अगदी पोर आहे, सोळा वर्षांचा. तो म्हणतो, तू लहान आहेस, तुझ्या गाडीत मी बसणार नाही, माझ्या जिवाला बरं वाटणार नाही. पोरगा सांगतो की सकाळपासून भाडं नाही, थंडी आहे, पोटात काही नाही, तुमच्या कळवळ्याने माझं पोट भरत नाही. प्रवासी गाडीत बसतो आणि पत्ता सांगतो. संपली कविता.

हू शींच्या इतर कवितांविषयी टीकाकार काय म्हणतात ते असो, हा पेच त्यांनी नेमका पकडला. बसावं तर लाज, न बसावं तर त्याची चूल बंद.

आमच्या रायगड जिल्ह्यात माथेरानला हा पेच अगदी परवापर्यंत जिवंत होता. तिथे मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची, पुढे चालत, घोड्यावर किंवा हातरिक्षात. चढाचा लाल मातीचा रस्ता, एक जण पुढे ओढणार, दोघे मागून ढकलणार, आत एक प्रवासी. कित्येक पर्यटक रिक्षाजवळ येऊन थबकायचे, मान हलवून पुढे जायचे. त्यांच्या मनाला बरं वाटायचं आणि रिक्षावाला पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघायचा. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. आदेश तिथेच थांबला नाही. हातरिक्षा ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा, ई-रिक्षा त्यांनाच मिळू द्या, असंही न्यायालयाने बजावलं. पोट आणि लाज यांचा विचार एकाच कागदावर झाला, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो. बीजिंगच्या पोराला असा कागद कुणी दिला नव्हता.

हू शींच्या पाठोपाठ लू शुन यांनी एक अगदी छोटी गोष्ट लिहिली. थंडीचे दिवस, एक साहेब रिक्षातून चाललाय, दांडीला अडकून एक म्हातारी पडते. साहेबाला वाटतं, नाटक करतेय, चल पुढे. रिक्षावाला त्याचं ऐकत नाही. म्हातारीला हात देऊन उठवतो आणि स्वतःच तिला पोलीस चौकीत घेऊन जातो. साहेब गाडीत तसाच बसून राहतो आणि ती धुळीने माखलेली पाठ त्याच्या डोळ्यांसमोर मोठी मोठी होत जाते. इथेही दिसते ती पाठच. पण बघणाऱ्याची नजर बदललेली आहे.

वीसच्या दशकात बीजिंगची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर होती आणि रिक्षावाले होते सुमारे साठ हजार. सोळा ते पन्नास वयाच्या दर सहा पुरुषांमागे एक रिक्षा ओढत होता, असा त्या काळच्या एका चिनी समाजशास्त्रज्ञाचा अंदाज आहे. शेतातून उखडलेला, पलटणीतून सुटलेला, कारखान्यातून काढलेला, अगदी पडत्या काळातला मांचू घराण्यातला माणूससुद्धा दांडी धरत होता. डिसेंबर १९२४ मध्ये ट्राम सुरू झाली. पोरं तिला 'डांगडांग गाडी' म्हणत, घंटेच्या आवाजावरून. परदेशी रहिवाशांना ट्राम म्हणजे शहर सुधारल्याची खूण वाटली. रिक्षावाल्याला ती वेगळी दिसली. त्याच्या दिवसभराच्या भाड्यांतली बरीचशी ती रुळावरून घेऊन जात होती. २२ ऑक्टोबर १९२९ च्या संध्याकाळी हजारो रिक्षावाले ट्रामवर तुटून पडले. ताफ्यातल्या सुमारे नव्वदपैकी साठेक गाड्यांची मोडतोड झाली. लष्कर आलं, काहींना देहदंड झाला, शेकडोंना शहराबाहेर घालवण्यात आलं. अडाण्यांनी यंत्र फोडलं, असं यावर म्हणणं सोपं आहे. पण ट्राम आणताना साठ हजार माणसांचं काय करायचं, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. तो त्यांनी दगडांनी विचारला.

याच रिक्षावाल्याला लाओ शे यांनी कादंबरीचा नायक केलं. 'उंट श्यांगझी' ही कादंबरी १९३६-३७ मध्ये मासिकातून क्रमशः आली. खेड्यातून आलेला धट्टाकट्टा श्यांगझी तीन वर्षं पोटाला चिमटा घेऊन स्वतःची रिक्षा घेतो. सैनिक त्याला रिक्षासकट पकडून नेतात. तो तीन उंट घेऊन पळून येतो, ते विकतो, पुन्हा पैसे जमवतो, ते जातात, पुन्हा जमवतो. शेवटी रिक्षाही नाही, प्रेमाची मुलगीही नाही, आणि श्यांगझीही पूर्वीचा उरत नाही. १९४५ मध्ये या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर अमेरिकेत निघालं आणि धडाधड खपलं. भाषांतरकार चीनमध्ये राहिलेला एक अमेरिकन मुत्सद्दी होता, टोपणनाव इव्हान किंग. त्याने काय केलं? शेवट बदलला. मुलगी वाचते, दोघे एकत्र येतात, सगळं गोड. लाओ शे यांना ते मुळीच आवडलं नाही. चीनमध्ये वर्षानुवर्षं राहून, भाषा शिकूनसुद्धा माणूस गाडीतून खाली उतरतोच असं नाही, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याजवळ नाही. प्रवासाच्या शेवटी मन प्रसन्न असावं, एवढीच त्याची अपेक्षा.

सगळेच असे नव्हते, हेही सांगायला हवं. इंग्रज कादंबरीकार जे. जी. बॅलार्ड यांचा जन्म १९३० मध्ये शांघायला झाला. २००८ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी आत्मचरित्र छापलं. त्यात ते घराच्या फाटकापाशी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या भिकाऱ्याविषयी सांगतात. गाडी रस्त्याला लागताना तो रोज खिडकीतून दिसायचा. मग एकदा बर्फ पडलं आणि ते त्याच्या अंगावर पांघरुणासारखं साचलं. बॅलार्डना ते सत्तर वर्षं विसरता आलं नाही. लहानपणी हा मुलगा घरच्यांची नजर चुकवून सायकलवर शहरभर भटकायचा. मला वाटतं त्यांच्या आठवणींना जी धार आहे ती या सायकलमुळे. गाडीच्या काचेतून ती आली नसती.

आणि आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून पाच डॉक्टरांचं पथक निघालं, त्यात कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. काँग्रेसने चीनला दिलेल्या भेटीत एक रुग्णवाहिकाही होती. पथक १७ सप्टेंबरला ग्वांगझौला उतरलं, ते शहर पुढच्याच महिन्यात जपान्यांच्या हाती पडलं. तिथून हानखौ, यीछांग, छोंगछिंग, शियान आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान. छोंगछिंग हे डोंगरावरचं शहर. नदीच्या धक्क्यापासून शेकडो पायऱ्या, आणि बांबूच्या डोलीतून माणसं वर नेणारे भोई. पुढे कोटणीस उत्तरेच्या डोंगराळ आघाडीवर गेले. तिथेही माणसांच्या खांद्यांवरूनच माणसं येत, पण ती जखमी असत आणि खांदा देणारे गावचे शेतकरी असत. खांदा तोच, वजनही तेवढंच. ९ डिसेंबर १९४२ ला कोटणीस तिथेच गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. परदेशी रहिवासी म्हणून चीनमध्ये गेलेल्या माणसांत बसायला न गेलेले असे थोडे होते.

१९४९ नंतर हातरिक्षा हटल्या. शांघायच्या शेवटच्या दोन रिक्षा १९५६ मध्ये संग्रहालयात ठेवल्या गेल्या. मधल्या काळात तीनचाकी सायकलरिक्षा आली होती, ती राहिली. आणि मग सायकलींचं युग आलं. तियानजिनची 'उडतं कबूतर', शांघायची 'चिरंतन' आणि 'फिनिक्स'. कारखान्याच्या किंवा कचेरीच्या वाटपातून कूपन मिळाल्याशिवाय सायकल मिळत नसे. लग्नात सायकल, घड्याळ, शिवणयंत्र आणि रेडिओ हे चार जिन्नस जमले की घर बसलं असं समजत. मागच्या पिढीतल्या आपल्या जावयांनाही ही यादी ओळखीची वाटेल. त्या सरकारच्या बाकीच्या करणीविषयी मला इथे बोलायचं नाही. लाओ शे यांनाच १९६६ च्या ऑगस्टमध्ये छळ आणि अपमान सहन करून बीजिंगच्या तळ्यात जीव द्यावा लागला, एवढं सांगितलं की पुरे. पण रस्त्यावर एक गोष्ट घडली. प्रत्येक जण आपल्या पायांच्या बळावर चालला होता. १९७४-७५ मध्ये बीजिंगच्या अमेरिकन संपर्क कचेरीचे प्रमुख जॉर्ज बुश बायकोसह सायकलवरून शहरात फिरायचे. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये बीजिंगला आले, तेव्हा चिनी सरकारने दोघांना 'उडतं कबूतर' भेट दिली. हंटर पायी चालला होता, त्यानंतर दीडशे वर्षांनी परदेशी माणूस पुन्हा चिनी माणसाच्या उंचीवर आला.

ते फार टिकलं नाही. नव्वदच्या दशकात मोटारी वाढल्या, २००९ मध्ये मोटारविक्रीत चीनने अमेरिकेला मागे टाकलं. याच काळात माझ्या खालाचा मुलगा ग्वांगझौला होता. बॅगा आणि दिव्यांच्या माळा मुंबईला पाठवायचा त्याचा धंदा, बारा वर्षं तो तिथे राहिला. दर शुक्रवारी तो हजरत अबी वक्कास यांची म्हणून मानल्या जाणाऱ्या कबरीजवळच्या मशिदीत जायचा. नमाज सुटली की बाहेर बाजार भरायचा. शिनजियांगचे लोक तंदुरातून नान काढताहेत, शिगांवर मटण भाजताहेत, तीनचाकीवर टरबुजं रचलेली आणि गिऱ्हाइकांत अरब, आफ्रिकन, पाकिस्तानी, आपले मुंबईकर. हे वर्णन त्याच्या तोंडून ऐकावं, तो ते हातवारे करून सांगतो.

तो राहायचा त्या गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलवाले उभे असायचे. मागे बसायचं, हेल्मेट डोक्यावर, बोटांनी भाव, आणि पाच मिनिटांत घाऊक बाजार. एक हुनानचा माणूस त्याचा ठरलेला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. १ जानेवारी २००७ पासून ग्वांगझौच्या मध्यवर्ती भागात मोटारसायकलींना पूर्ण बंदी आली. मोटारसायकलवरून पर्सा खेचण्याचे प्रकार फार वाढले होते, हे कारण खरंच होतं. काही दिवस अपंगांसाठीच्या तीनचाक्या चोरून भाडी मारत राहिल्या, मग त्यांचीही धरपकड झाली. माझा भाऊ मेट्रोने जाऊ लागला. मेट्रो थंडगार, स्वच्छ, वेळेवर. मी त्याला विचारलं, "आणि तो हुनानवाला?" तो म्हणाला, "कुणास ठाऊक. त्याचं नावसुद्धा मी कधी विचारलं नाही. पण त्याचं जाकीट आठवतं, पाठीवर कुठल्यातरी सिमेंट कंपनीची अक्षरं होती."

आता चीनच्या शहरांत हुनानचा तो माणूस किंवा त्याचा मुलगा बहुधा विजेच्या दुचाकीवर असेल. मागच्या सीटवर माणूस नाही, जेवणाचा डबा आहे. गिऱ्हाईक घरात बसलेलं आहे आणि फोनवरच्या नकाशात एक ठिपका सरकताना बघतंय. गिऱ्हाइकाला आता पाठही दिसत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये एका चिनी मासिकाने या पोचवणाऱ्यांवर सविस्तर लेख छापला. यंत्रणा दर वेळी मिनिटं कशी कमी करते आणि ती गाठायला ही माणसं उलट्या दिशेने, सिग्नल तोडून कशी धावतात, हे त्यात होतं. तो लेख चीनभर वाचला गेला.

या माणसांत एक वांग जीबिंग आहेत. जन्म १९६९, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचे. तरुणपणी त्यांनी कादंबरी लिहिली, वडिलांनी ते हस्तलिखित जाळून टाकलं. मग मजुरी, भंगार, मिळेल ते. शांघायजवळच्या कुनशान शहरात ते जेवणाचे डबे पोचवू लागले आणि सिग्नलला थांबले की सुचलेली ओळ फोनमध्ये बोलून ठेवू लागले. २०२३ मध्ये त्यांचा संग्रह निघाला, 'वेळेच्या मागे धावणारा माणूस' अशा अर्थाच्या नावाचा. त्या शीर्षककवितेमागची हकीकत त्यांनी सांगितली आहे. एका गिऱ्हाइकाने पत्ता चुकीचा दिला. ते जिने चढले, उतरले, फोन केला, दुसऱ्या इमारतीचे जिने चढले. डबा पोचला तेव्हा पुढच्या सगळ्या ऑर्डरींना उशीर झाला होता आणि दंड त्यांच्या खात्यातून कापला गेला. त्या रात्री त्यांनी कविता लिहिली. हू शींच्या कवितेत पत्ता सांगून गाडीत बसणारा कवी होता. इथे त्या पत्त्यावर जिने चढून जाणारा कवी आहे.